काठ कोणत्या महिन्यातला? पाणथळ जागांचे नकाशे आखणाऱ्यांना खुलं पत्र

नद्या, तळी, दलदली आणि पूरमैदानं यांचे नकाशे काढणाऱ्या, त्यांवर बांध, बंधारे, कालवे आणि अभयारण्यांच्या हद्दी आखणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच एक. 28 वर्षं आरेखक म्हणून नोकरी केली. सर्वेक्षकांनी आणलेल्या नोंदींवरून तक्त्यावर पाण्याची कड ओढायची, आत निळा रंग भरायचा, बाहेर जमिनीचा प्रकार लिहायचा, हे माझं रोजचं काम. कड ओढताना हात हलू नये म्हणून मी श्वास रोखून धरत असे. रेघ सुबक यावी, यापलीकडे तिच्याविषयी मी फारसा विचार केला नव्हता.

सर्वेक्षण नेहमी पाणी उतरल्यावर होई. त्यामागे कुणाचा वाईट हेतू नव्हता. तेव्हाच गाडी काठापर्यंत पोचते आणि तेव्हाच यंत्राची तिपाई चिखलात न रुतता उभी राहते. म्हणजे आम्ही जिला तळ्याची कड म्हणत होतो, ती तळं वर्षातलं सर्वांत आक्रसलेलं असतानाची कड होती. अशाच एका तक्त्यावर, कडेबाहेरच्या मोठ्या पट्ट्यावर, मी 'पडीक' असं लिहिलं. पाणी चढलं की त्या पट्ट्यात मासे अंडी घालायला येत. ओसरू लागलं की बायका लव्हाळं कापत. मग गुरं उतरत, आणि ओल टिकेल तेवढ्या दिवसांत एक पीकही निघे. वर्षातला एकही महिना ती जमीन बिनकामाची नव्हती. आमची माणसं तिथे गेली ती नेमकी पीक निघून गेल्यानंतरच्या पंधरवड्यात. पुढे त्या तक्त्यावरून बांध आखला गेला, बांधाआडची जमीन मोकळी समजून वाटली गेली, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या येणारी कुटुंबं कागदावर अतिक्रमण करणारी ठरली. मला कुणी जाब विचारला नाही. विचारला असता तर मी मोजणीच्या वहीकडे बोट दाखवलं असतं, आणि वहीत खरोखरच काही चूक नव्हती.

त्या 'पडीक' शब्दापायी हे पत्र लिहितो आहे.

निवृत्तीनंतर मी ठिकठिकाणच्या पाणथळ जागांवरचे अहवाल, कायदे, जुने नकाशे वाचत बसलो. एक गोष्ट सारखी समोर येत गेली. पाण्याजवळ शेकडो वर्षं टिकलेल्या लोकांनी काठ एका जागी असतो असं कधी मानलंच नाही. त्यांची घरं, हक्क, सोहळे, कामाची वाटणी, सगळं काठ चालता असतो हे धरून उभं राहिलं. आणि त्यांच्यावर आलेल्या बऱ्याचशा संकटांचं मूळ काठ एका जागी खिळवण्यात होतं, मग ते विकासाच्या नावाने झालेलं असो की संरक्षणाच्या.

कंबोडियातलं तोन्ले साप सरोवर बघा. कोरड्या दिवसांत त्याचं क्षेत्र साधारण 2,500 चौरस किलोमीटर असतं. मेकाँगला पूर आला की सरोवरातून निघणारी नदी उलटी वाहू लागते, मेकाँगचं पाणी सरोवरात शिरतं आणि ते फुगत फुगत 15,000 चौरस किलोमीटरपर्यंत जातं. जिथे कमरेइतकं पाणी होतं तिथे आठ-नऊ मीटर होतं. भोवतालचं जंगल महिनोन्‌महिने पाण्यात उभं असतं, आणि त्या बुडालेल्या फांद्यांच्या आडोशाला मासे वाढतात. इथल्या तरंगत्या गावांचा ठिकाणा ऋतूगणिक बदलतो. पाणी ओसरलं की घरं ओढून आतल्या पाण्याकडे न्यायची, चढलं की पुन्हा जंगलाच्या कडेला आणून बांधायची. काही गावं तरंगत नाहीत, उंच खांबांवर उभी आहेत. कोरड्या दिवसांत माणसं ज्या वाटेने चालत जातात त्याच वाटेने पुढे होड्या जातात. आता या सरोवराची कड तक्त्यावर कुठे ओढायची? 2,500 ची की 15,000 ची? दोन्ही खऱ्या आहेत आणि मधली प्रत्येक कडही खरी आहे. मेकाँगवर वरच्या अंगाला धरणं झाली की हा श्वास उथळ होतो. पूर लहान होतो, कोरड्या दिवसांतलं पाणी वाढतं. जंगलाचा काही भाग बुडायचा राहतो आणि काही भाग पाण्याबाहेर यायचा राहतो. अहवालांत या बदलाला 'प्रवाहाचं नियमन' म्हणतात. तो शब्द वाचून माशांचं काय झालं ते कळत नाही.

झांबियात, झांबेझीच्या पूरमैदानात, लोझी लोक राहतात. पूर चढला की त्यांचा राजा, लिटुंगा, लेआलुईचं राहतं घर सोडून मोठ्या वल्हवत्या नौकेतून उंचावरच्या लिमुलुंगाला जातो. या प्रस्थानाला कुओम्बोका म्हणतात; अर्थ, पाण्यातून बाहेर पडणं. त्याची तारीख वर्षभर आधी छापून ठेवता येत नाही. पाणी किती चढलं ते पाहून ती ठरते, आणि पाणी पुरेसं चढलं नाही म्हणून सोहळा झालाच नाही अशीही वर्षं गेली आहेत. पूर ओसरला की परतीचा प्रवास, ओल्या गाळाच्या जमिनीकडे. आपल्या कागदांत अशा हालचालीसाठी विस्थापन आणि पुनर्वसन हे दोनच शब्द आहेत. एखादा समाज आपल्या मर्जीने दरवर्षी उठतो, दरवर्षी परत येतो, आणि दोन्ही जागा त्याच्याच असतात, हे लिहायला आपल्या नमुन्यात रकानाच नाही.

मात्र माझ्या डोक्यातला नकाशा खऱ्या अर्थाने मोडला तो मालीत. सहाराच्या कडेशी नायजर नदी एका सपाट प्रदेशात पसरते आणि समुद्रापासून दूर, वाळवंटाच्या तोंडाशी, एक अंतर्देशीय त्रिभुज प्रदेश तयार होतो. पूर आला की हजारो चौरस किलोमीटर पाण्याखाली जातात. त्या पाण्यात बोझो लोक मासे धरतात. पाण्याबरोबर उंच वाढत जाणारं बुर्गू नावाचं गवत असतं. पूर ओसरला की ते आडवं पडतं आणि आजूबाजूचा मुलूख करपलेला असताना तेवढंच हिरवं उरतं. मग फुलानी पशुपालक दूरच्या कोरड्या चराईवरून कळप घेऊन परततात. त्याच प्रदेशात पुराच्या पाण्यावर भातही होतो. म्हणजे जमिनीचा एकच तुकडा, त्याचे तीन धनी, आणि तिघांचाही हक्क खरा. फक्त महिने वेगळे.

हे आपोआप सुरळीत चालत नव्हतं. 1818 मध्ये सेकू अमादू यांनी मासिना राज्य उभं केलं आणि त्या राज्याने दीना नावाची व्यवस्था घालून दिली. चराईचे प्रदेश पाडले गेले. त्यांना लेयदी म्हणत आणि प्रत्येकावर जोवरो नावाचा जबाबदार माणूस असे. कोणता कळप नदी कुठे ओलांडणार, कुणाच्या मागून कोण, हे ठरलेलं असे. भात कापून होण्याआधी गुरं शेतात शिरू नयेत आणि मासेमारांच्या जागा तुडवल्या जाऊ नयेत, यासाठी हा क्रम होता. कळपांनी नदी ओलांडण्याचा सोहळा आजही होतो आणि युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याची नोंद आहे. मी त्या सोहळ्याची छायाचित्रं पाहिली तेव्हा आधी रंग पाहिले, गर्दी पाहिली. बऱ्याच वेळाने ध्यानात आलं, की समोर एक चालतंबोलतं वेळापत्रक आहे. जमीन कुणाची, हा प्रश्न तिथे कधी, या प्रश्नाशिवाय विचारताच येत नाही.

नंतरच्या काळात तिथे काय झालं? आधी वसाहतीच्या सरकारने आणि मग स्वतंत्र देशाच्या सरकारने जमिनीचा मालक एकच असतो असं धरून कायदे केले. बुर्गूची कुरणं भातशेतीखाली गेली. काही जोवरो चराईचा मोबदला स्वतःच्या खिशात घालू लागले. वर बांधलेल्या धरणांनी पूर कमी झाला. गेल्या दहा वर्षांत या प्रदेशात फार रक्त सांडलं आहे. त्याची कारणं अनेक आहेत आणि मी ती सोपी करून सांगणार नाही. पण चराई आणि शेतीच्या हक्कांचे न सुटलेले तंटे त्यांत निश्चित आहेत.

आता काठ खिळवला की काय होतं ते मणिपूरच्या लोकटाक तळ्यावर पाहू. तिथे फुमदी तरंगतात. फुमदी म्हणजे गवत, मुळं, कुजलेला पाला आणि माती यांचा एकमेकांत गुंतलेला जाड थर. थोडा पाण्यावर, बराचसा पाण्याखाली. पूर्वी कोरड्या दिवसांत पाणी उतरलं की फुमदी तळाशी टेकत. तिथे मुळांना तळाच्या मातीतलं पोषण मिळे, आणि पाणी चढलं की फुमदी पुन्हा वर येत. 1983 मध्ये इथाई बंधारा सुरू झाला. विजेसाठी तळ्याची पातळी वर्षभर उंच ठेवली जाऊ लागली आणि फुमदींचं टेकणं थांबलं. त्या पातळ होत गेल्या. केइबुल लामजाओचं राष्ट्रीय उद्यान अशाच फुमदीवर आहे, संगाई हरणं तिच्यावरून चालतात; थर पातळ झाला की खूर आत जातो. काठालगतची शेतं बुडाली. नदीतून तळ्यात चढणारे मासे बंधाऱ्याशी अडले. शेती गेलेल्यांपैकी कितीतरी जण मासेमारीकडे वळले, फुमदीवर झोपड्या बांधून राहिले. 2006 मध्ये तळ्याच्या संरक्षणाचा कायदा आला, आणि 2011 च्या नोव्हेंबरात तळ्यावरच्या शेकडो झोपड्या जाळून टाकण्यात आल्या. तळं बिघडण्याचा दोष झोपड्यांवर आला होता.

हा क्रम मी कितीदा तरी वाचला. आधी पाणी खिळलं, मग फुमदी आजारली, मग माणसं फुमदीवर आली, मग माणसांनाच आजार ठरवलं गेलं. यातल्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी नीटनेटका नकाशा जोडला असणार. माझ्यासारख्याच कुणीतरी.

भरतपूरच्या केवलादेव या पाणपक्ष्यांच्या राष्ट्रीय उद्यानात जे घडलं ते संरक्षणाच्या बाजूने घडलं, म्हणून त्याची बोच जास्त आहे. 1982 मध्ये तिथली चराई बंद झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. आणि मग पाणगवत बेसुमार माजलं, उघडं पाणी झाकलं गेलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्या दशकात तिथे केलेल्या दीर्घ अभ्यासाचा निष्कर्ष निघाला तो असा, की म्हशी ते गवत आटोक्यात ठेवत होत्या आणि चराई थांबल्याने पाणपक्ष्यांच्या जागेचं नुकसान झालं. ज्या पक्ष्यांसाठी म्हशी बाहेर काढल्या, त्या पक्ष्यांना म्हशींची गरज होती. अभ्यास आधी आणि बंदी नंतर, एवढा क्रम जरी पाळला गेला असता तरी काही माणसं जिवंत असती.

मला ठाऊक आहे, तुमच्यापैकी कुणी म्हणेल की आम्ही अभियंते आहोत. लोकांच्या चालीरीती जाणून घेणं आमचं काम नाही. म्हणून एका अभियंत्याबद्दल सांगतो.

ध्रुबज्योती घोष हे पश्चिम बंगाल सरकारच्या सेवेतले अभियंते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला, कोलकात्याच्या सांडपाण्याचं पुढे काय होतं हे पाहायला ते कालव्यांच्या काठाने पूर्वेकडे निघाले. एवढ्या मोठ्या शहराचं मैलापाणी कुठे शुद्ध होतं, हा साधा प्रश्न त्यांना पडला होता. कालवे जिथे पोचत होते तिथे त्यांना यंत्रांचा कारखाना दिसला नाही. उथळ तळी दिसली, भेरी म्हणतात त्यांना, आणि त्यांत मासे वाढवणारे लोक दिसले. सांडपाणी उथळ तळ्यात पसरलं की ऊन थेट तळापर्यंत पोचतं. शेवाळ आणि जिवाणू मिळून घाण कुजवतात, शेवाळ भरभरून वाढतं, आणि ते वेळेवर खाल्लं गेलं नाही तर पाणी पुन्हा बिघडतं. ते खाण्याचं काम मासे करतात. मैलापाणी किती आणि केव्हा आत घ्यायचं, कधी थांबायचं, हे तिथले मच्छीमार पाण्याचा रंग आणि वास पाहून ठरवतात. भेरीच्या कडेने जलपर्णी राखतात, म्हणजे लाटांनी बांध खचत नाही. तळ्यातून बाहेर पडलेलं पाणी भातशेतीला जातं. शहराला जे शुद्धीकरणाचं काम बांधून घ्यायला अफाट खर्च आला असता, ते हे लोक मासे पिकवता पिकवता करत होते, आणि त्यांना त्याचं कुणी नावही विचारलं नव्हतं.

घोष यांनी काय केलं, तर ते तिथे वर्षानुवर्षं जात राहिले. मच्छीमारांना त्यांनी आपले शिक्षक मानलं आणि तसं उघडपणे सांगितलं. मग त्यांनी नकाशा काढला. आधी चालले, ऐकलं, मोजलं, आणि नंतर रेघ ओढली. म्हणून त्या रेघेच्या आत तळ्यांबरोबर शेतं, भाजीचे मळे आणि माणसंही आली. 2002 मध्ये साधारण 12,500 हेक्टरचा हा प्रदेश 'पूर्व कोलकाता पाणथळ' म्हणून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेला. घोष 2018 मध्ये वारले. शहर त्या पाणथळीला अजून कुरतडत आहे, तरी ती आहे, काम करते आहे. मी त्यांना कधी भेटलो नाही. भेटलो असतो तर माझा तो तक्ता त्यांना दाखवला असता.

काठ चालतो हे ओळखून काम करणं जुन्या काळापुरतं आहे, असं समजू नका. उत्तर अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांच्या प्रदेशात ओजिब्वे लोक मनूमिन, म्हणजे पाण्यात उगवणारा रानतांदूळ, गोळा करतात. एक जण होडी ढकलतो, दुसरा दोन हलक्या काठ्यांनी ओंब्या होडीत झटकतो. पिकलेले दाणे होडीत पडतात, काही पाण्यात पडतात, तेच पुढच्या वर्षीचं बी. या रोपाची पानं पाण्यावर तरंगत असतात त्या आठवड्यांत पातळी अचानक वीतभर चढली तरी रोप उपटून निघतं. म्हणजे धरणाच्या दारावर बसलेल्या माणसाने नेमके ते आठवडे सांभाळले तर पीक राहतं. ऑस्ट्रेलियात गुंडिचमारा लोकांनी ज्वालामुखीच्या दगडातून चर काढून वाम मासे वळवण्याची आणि राखण्याची जी रचना केली, तिचा सर्वांत जुना भाग सुमारे 6,600 वर्षांपूर्वीचा आहे. बज बिम नावाने ती 2019 मध्ये जागतिक वारसा ठरली. वसाहतीच्या काळात तिथलं काँडा सरोवर कोरडं केलं गेलं होतं. 2010 मध्ये बंधारा घालून त्यात पुन्हा पाणी आणलं. बंधाऱ्याशी माझं वैर नाही, हे यावरून तुमच्या लक्षात यावं. तो कुणाला विचारून आणि कोणत्या महिन्यांचा विचार करून घातला, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि गरज पडली तर काढणं हेही अभियंत्याचंच काम आहे. अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं 2024 पर्यंत काढून टाकली गेली. यूरोक, कारूक आणि त्या खोऱ्यातले इतर आदिवासी लोक त्यासाठी दोन दशकं झगडत होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सॅमन मासे जुन्या धरणांच्या जागा ओलांडून वर गेलेले दिसले.

इराकची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. टायग्रिस आणि युफ्रेटिसच्या दक्षिणेकडच्या दलदलीत मअदान लोक म्हशी राखून, मासे धरून, बोरूची घरं बांधून राहत आले. त्यांची मुधीफ नावाची मोठी बैठकीची घरं नुसत्या बोरूच्या कमानींवर उभी असतात, त्यांत खिळा नसतो. 1991 च्या उठावानंतर तिथल्या राजवटीने बांध आणि कालवे काढून ही दलदल मुद्दाम कोरडी केली. दहा वर्षांत तिचा सुमारे नव्वद टक्के भाग नाहीसा झाला आणि माणसं परागंदा झाली. ते कालवेही कुणीतरी आखले होते, सरळ आणि अचूक. 2003 मध्ये राजवट पडली तेव्हा लोकांनी कुणाच्या आदेशाची वाट पाहिली नाही. त्यांनी स्वतः बांध फोडले. पाणी परत आलं, पाठोपाठ बोरू आला, पक्षी आले, म्हशीही आल्या. सगळीकडे नाही, सगळंही नाही. वरच्या देशांतली धरणं, कमी झालेलं पाणी आणि वाढलेली खारटी यांमुळे अलीकडच्या दुष्काळी वर्षांत पुन्हा म्हशी मेल्या आणि कुटुंबं पुन्हा शहरांकडे गेली. 2016 मध्ये मिळालेल्या जागतिक वारशाच्या दर्जाने पाणी येत नाही. ते वरच्या धरणाच्या दारातून येतं, आणि ते दार कोणत्या महिन्यात उघडायचं हे ठरवणाऱ्या खोलीत मअदान बसलेले नसतात.

या लोकांना मी देवमाणसं ठरवत नाही. बारीक डोळ्याची जाळी, विजेचा झटका देऊन मासे मारणं, दलालाचं कर्ज फेडण्यासाठी बंदीच्या दिवसांत मासेमारी, हे सगळं पाणथळींवर चालतं आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. दीना व्यवस्था जिंकणाऱ्यांनी लादलेली होती आणि तिने पशुपालकांना झुकतं माप दिलं, असं अभ्यासकांनी दाखवलं आहे. किती तरी ठिकाणी गावाच्या बैठकीत बोरू कापणाऱ्या, शिंपले वेचणाऱ्या बायकांना बोलायला मिळत नाही. मग 'लोकांना विचारलं' असं आपण लिहितो तेव्हा होड्यांच्या मालकांना विचारलेलं असतं. पाऊस आणि पूर बदलत आहेत, जुने आडाखे चुकत आहेत, हेही खरं. पण एवढं सगळं जमेस धरूनही माझं म्हणणं उभं राहतं. त्या लोकांच्या नियमांत काळ आहे आणि आपल्या नकाशात तो नाही. नियम बिघडले असतील तर सुधारता येतील. जे कागदावर आलंच नाही ते सुधारायला कोण जाणार?

1971 च्या रामसर कराराने पाणथळीची व्याख्या करताना कायमच्या पाण्याबरोबर तात्पुरत्या पाण्याचाही उल्लेख केला आहे. तुमच्यापैकी अनेकांनी त्या कराराचं नाव अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिलं असेल, मीही लिहिलं आहे. मग 'तात्पुरतं' या शब्दाला तक्त्यावर जागा द्या. किमान दोन सर्वेक्षणं करा, एक पाणी सर्वांत उतरलेलं असताना आणि एक सर्वांत चढलेलं असताना. दुसऱ्यासाठी गाडी जाणार नाही, होडी करावी लागेल, आणि होडीवाला तुम्हाला वाटेत बरंच सांगेल. दोन कडांच्या मधल्या पट्ट्याला स्वतःचा रंग द्या. त्यात कोणत्या महिन्यात कोण काय करतं, ते त्या माणसांना विचारून, बायकांना वेगळं बसवून विचारून, लिहा, आणि तो तक्ता हद्दीच्या नकाशाला जोडलेला असल्याशिवाय कोणत्याही प्रस्तावावर सही करू नका. धरणातून किती पाणी सोडायचं एवढंच ठरवू नका, केव्हा सोडायचं हेही ठरवा, आणि ते वेळापत्रक खालच्या लोकांसमोर बसून ठरवा. एखादी जागा राखीव करायची असेल तर तिथल्या चराईने, कापणीने, मासेमारीने जागेचं काय होतं ते आधी काही ऋतू मोजा. भरतपुराची किंमत एकदा मोजून झाली आहे.

आणि 'पडीक' हा शब्द पाण्याजवळच्या जमिनीसाठी वापरू नका. त्या जमिनीवर काय होतं हे आपल्याला माहीत नसेल तर तसं लिहा, 'माहिती घेतलेली नाही' असं लिहा. त्याने अहवाल अपुरा दिसेल, पण तो खोटा होणार नाही, आणि पुढच्या माणसाला तिथे जाऊन विचारण्याचं कारण मिळेल.

माझा तो तक्ता अजून वापरात आहे. गेल्या वर्षी एका नव्या आराखड्याला जोडलेली त्याची प्रत पाहिली. रेघ अजून स्वच्छ आहे, निळा रंग थोडा उडाला आहे. कोपऱ्यात प्रमाण आहे, उत्तरेचा बाण आहे, सर्वेक्षणाचं वर्ष आहे. महिना नाही. तो मी तेव्हा लिहिला नव्हता, कारण कुणी मागितला नव्हता. तुमच्या टेबलावर आत्ता जो तक्ता असेल, त्याच्या कोपऱ्यात तो लिहून टाका. वहीत सापडेल.

आपला,
एक निवृत्त आरेखक